जिवाणी कुठे सोडायची?

जैन घर ओळखायचं असेल तर देवघरापर्यंत जायची गरज नाही. स्वयंपाकघरातला नळ बघावा. त्याच्या तोंडाला पांढऱ्या कापडाची पुरचुंडी बांधलेली दिसली की समजावं, हे आपल्यांपैकी कुणाचं तरी घर. दिलसुखनगर, चैतन्यपुरी, मलकपेठ, सरूरनगर या भागांत आपली जी मराठी जैन घरं आहेत, कुणी लातूरकडचे, कुणी उदगीर-नांदेडकडचे, कुणी सोलापूरकडचे, त्यांच्यात बाकी कितीही बदल झाला असेल, पोरं इंग्रजी-तेलुगू बोलत असतील, जेवणात पप्पू आणि गोंगुरा आला असेल, पण नळाचं गाळणं सुटलेलं नाही. ही कौतुकाची गोष्ट आहे.

पण गाळण्याचा विधी दोन भागांचा होता. पाणी गाळणं हा पहिला भाग. दुसरा भाग जिवाणी. पहिला भाग आपण सांभाळला, दुसरा आपल्या हातून कधी निसटला ते कळलंसुद्धा नाही. तो कसा निसटला, हा आपल्या घरांचा इतिहास आहे आणि हैदराबादच्या पाण्याचाही इतिहास आहे. म्हणून दोन्ही एकत्र सांगते.

आडावरचा विधी

आपल्या आज्या-पणज्यांना गाळण्याचं माप तोंडपाठ असे. कापड छत्तीस अंगुळं लांब, चोवीस अंगुळं रुंद, म्हणजे आजच्या हिशोबानं साधारण सत्तावीस इंच बाय अठरा इंच. ते दुहेरी करायचं. कापड इतकं घट्ट विणीचं, की त्यातून सूर्याकडे पाहिलं तर सूर्यबिंब दिसू नये. गाळलेलं पाणी एक मुहूर्त, म्हणजे ४८ मिनिटं चालतं, पुढे पुन्हा गाळायचं. लवंग वगैरे घालून प्रासुक केलं तर दोन प्रहर, चांगलं उकळलं तर आठ प्रहर. घड्याळ नसलेल्या बायका हा हिशोब सावलीवर आणि कामांच्या क्रमावर सांभाळत असत.

गाळून झालं की गाळण्यात जे उरतं ती जिवाणी. म्हणजे पाण्यातले डोळ्यांना दिसणारे, न दिसणारे जीव. ते मोरीत झटकायचे नाहीत. गाळणं उलटं करून त्यावर गाळलेल्या पाण्याची हलकी धार धरायची आणि ते पाणी ज्या आडातून काढलं त्याच आडात परत सोडायचं. वरून ओतायचंही नाही, उंचावरून आदळले तर जीव मरतील. त्यासाठी तळाला कडी असलेली बादली असे. ती अलगद पाण्यापर्यंत उतरवायची आणि दोरीला झटका देऊन तिथेच उलटी करायची. एका विहिरीची जिवाणी दुसऱ्या विहिरीत सोडायची नाही, कारण गोड्या पाण्यातला जीव खाऱ्या पाण्यात जगत नाही. जिथलं तिथंच.

यातल्या धर्मभावनेबद्दल मी नव्यानं काय सांगणार? व्यवहाराच्या अंगानं मात्र एक गोष्ट सांगायची आहे. या विधीमुळे घरातल्या बाईला रोज दोनदा आडाशी जावं लागे, एकदा घ्यायला आणि एकदा द्यायला. पाणी किती खोल गेलंय, गढूळ झालंय का, वास येतोय का, हे तिला रोज दिसे. पाणी जिथून येतं ती जागा तिच्या ओळखीची होती.

आणि श्रमही तिचेच होते, हे विसरून चालणार नाही. पंधरा लिटरची घागर म्हणजे पंधरा किलोचं ओझं. ते कमरेवर घेऊन चालणाऱ्या बाईला पाणी जपून वापरायला शास्त्रानं सांगावं लागत नव्हतं. शास्त्रानं सांगितलं होतं ते वेगळंच. श्रावकाच्या बारा व्रतांत अनर्थदंडविरती आहे आणि अनर्थदंडाच्या पाच प्रकारांत प्रमादचर्या आहे. समंतभद्र आचार्यांच्या रत्नकरंड श्रावकाचारात तिचा अर्थ अगदी घरगुती आहे: कारण नसताना जमीन उकरणं, पाणी सांडणं, विस्तव पेटवणं, झाडपाला तोडणं. पर्यावरण हा शब्द आपल्या बोलण्यात येण्याच्या कितीतरी शतकं आधी हे लिहिलं गेलंय. आणि ते मुनींसाठी नाही, तुमच्या-माझ्यासारख्या घरसंसारी माणसांसाठी आहे.

गाळण्यानं काय साधलं

हल्लीच्या मुली विचारतात, नळाला क्लोरीनचं पाणी येतं, मग फडकं कशाला? प्रश्न रास्त आहे, त्यांना गप्प करू नये. उत्तर इतिहासात आहे.

नारू हा रोग आता कुणाला आठवत नाही. पायातून दोन-तीन फूट लांबीचा जंत बाहेर यायचा, माणूस महिनोन्‌महिने अंथरुणाला खिळायचा. पायऱ्यांच्या विहिरी, म्हणजे आपल्या मराठवाड्यातल्या बारवा, हे त्याचं घर. नारूचा रोगी पाण्यात उतरला की जंताची पिल्लं पाण्यात जायची. तिथे सायक्लॉप्स नावाचा बारीकसा जलजीव ती गिळायचा आणि तो जीव पाण्याबरोबर पोटात गेला की माणसाला नारू व्हायचा. १९८० च्या दशकात सरकारनं नारूनिर्मूलनाची मोहीम काढली, तेव्हा तिच्या मुख्य उपायांत एक होता, पाणी दुहेरी कापडातून गाळून प्यायचं. सायक्लॉप्स कापडातच अडकतो. देशातला शेवटचा रुग्ण १९९६ साली सापडला आणि २००० साली जागतिक आरोग्य संघटनेनं भारत नारूमुक्त झाल्याचं जाहीर केलं.

दुसरं उदाहरण बांगलादेशचं. तिथल्या खेड्यांत रीटा कोलवेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी बायकांना जुन्या सुती साडीच्या चार किंवा जास्त घड्या करून त्यातून पाणी गाळायला शिकवलं. कॉलरा जवळजवळ निम्म्यावर आला. हा अभ्यास २००३ साली प्रसिद्ध झाला. कॉलऱ्याचे जंतू पाण्यातल्या बारीक जीवांना चिकटून असतात, म्हणून फडक्यात पुष्कळसे अडकतात. नव्या साडीपेक्षा जुनी, धुऊन धुऊन दाट झालेली साडी जास्त उपयोगी, हेही त्यांना आढळलं.

आपल्या पूर्वजांना जंतू माहीत नव्हते, त्यांना जीव माहीत होते. त्यांनी दुसऱ्या जीवाला वाचवायला फडकं धरलं आणि त्यात स्वतःचाही जीव वाचला. मुलींना एवढं सांगितलं तरी पुरे.

तेलंगणातली तळी

आपण मराठी जैन इथे उपरे, असं कधीकधी आपल्यालाच वाटतं. पण या भूमीत जैनांच्या खुणा हजार वर्षांपूर्वीच्या आहेत. कुल्पाकजीला आपण सगळेच जातो. करीमनगर जिल्ह्यातल्या कुरिक्यालजवळच्या बोम्मलगुट्टा टेकडीवर मात्र फार थोड्या जणी गेल्या असतील. तिथे दहाव्या शतकातला एक शिलालेख आहे, संस्कृत, कन्नड आणि तेलुगू अशा तीन भाषांत. तो कोरवून घेतला जिनवल्लभानं, कन्नडचे आदिकवी पंप यांच्या भावानं. त्यानं तिथे वसदी बांधली आणि जिनप्रतिमा कोरवल्या. पण तेवढ्यावर तो थांबला नाही. त्यानं एक तळं खोदलं आणि एक बाग लावली, आणि त्यांची नावंही लेखात आहेत. मंदिर, तळं आणि बाग ही तिन्ही त्याला एकाच पुण्याच्या यादीतली वाटली. आपल्या आजच्या पावतीपुस्तकांत तळ्यासाठी रकाना कुठे असतो?

तेलंगणाची ही रीतच होती. इथे मोठ्या नद्या खोल खोऱ्यांतून वाहतात, पठारावर त्यांचं पाणी चढत नाही. म्हणून पावसाचं पाणी अडवून चेरुवू करायचे. एक भरला की सांडव्यातून पाणी खालच्या चेरुवूत जाणार, तो भरला की त्याच्या खालच्यात, साखळीच्या कड्यांसारखं. कुतुबशाहीनं हीच रीत पुढे चालवली. हुसेनसागर १५६२ चा, आपला सरूरनगरचा तलाव १६२६ चा, तोही शेतीसाठी आणि पिण्यासाठी बांधलेला. दिलसुखनगर हे नाव दिलसुखराम परशाद नावाच्या जमीनमालकावरून पडलं असं सांगतात. म्हणजे आज जिथे मेट्रोचे खांब, कोचिंग क्लासेसच्या पाट्या आणि साड्यांची दुकानं आहेत, तिथे एके काळी शेतं होती आणि तलावही शेजारीच होता. शेत असलं की विहीर आलीच.

पूर आला आणि नळ आला

२८ सप्टेंबर १९०८ ला मुसी नदीला महापूर आला. पंधरा हजारांच्या आसपास माणसं गेली असं मानतात. अफजलगंजला उस्मानिया रुग्णालयाच्या आवारातल्या चिंचेच्या झाडावर चढून दीडशे माणसं वाचली, ती गोष्ट हैदराबादेत अजून सांगतात. पुढच्या वर्षी निजाम सरकारनं मोक्षगुंडम विश्वेश्वरय्यांना बोलावलं. ते आपल्याकडचेच म्हणायला हरकत नाही. पुण्याच्या कॉलेजात शिकले, मुंबई सरकारच्या नोकरीत नाशिक, धुळे, पुणे इथे राबले आणि खडकवासल्याच्या धरणाला त्यांनी स्वयंचलित दारं बसवली. त्यांनी हैदराबादला सुचवलं, पुराचं पाणी शहराच्या वरच्या बाजूलाच अडवा. त्यातून १९२० मध्ये मुसीवर उस्मानसागर आणि १९२७ मध्ये इसा नदीवर हिमायतसागर पुरा झाला. पूरही अडला आणि शहराला नळाचं पाणीही मिळालं.

नळानं बाईच्या कमरेवरची घागर उतरवली. याबद्दल कुणी नाक मुरडू नये. जुने दिवस किती छान, असं म्हणणाऱ्यांत घागर वाहिलेल्या बायका फारशा नसतात. विधी मात्र तिथून बदलला. गाळणं नळाच्या तोंडाशी आलं आणि जिवाणीला परत जायला आड राहिला नाही.

पुढे शहर वाढलं, तसं पाणी आणखी लांबून आणावं लागलं. १९६५ पासून मांजरा नदीचं पाणी येऊ लागलं. ही मांजरा बीड जिल्ह्यात उगम पावून लातूर जिल्ह्यातून इकडे येते. म्हणजे इथल्या लातूरकर घरांना माहेरच्याच नदीचं पाणी मिळालं! मग २००४ पासून कृष्णेचं, नागार्जुनसागर जलाशयातलं, शंभर किलोमीटरहून लांबून पंपांनी चढवून आणलेलं. २०१५ ला गोदावरीही आली. आता आपल्या पूर्व बाजूला मुख्यतः कृष्णेचं पाणी. इतक्या लांबचं पाणी उचलून आणायला वीज किती लागते, ते पाणीपुरवठा मंडळाच्या हिशोबात असतं, आपल्या हिशोबात नसतं. नळ सोडताना आपल्याला कृष्णा दिसत नाही.

आणि मग प्रश्न आला, जिवाणी कुठे सोडायची? प्रत्येक घरानं आपापलं उत्तर काढलं. कुणी मंदिराच्या विहिरीत नेऊन सोडत, कुणी कुंडीत. बहुतेकींनी ती नळाखालीच धुतली आणि ती मोरीतून गटारात गेली. गटार कुठे गेलं? पुष्कळ वर्षं वस्त्यांचं सांडपाणी सरूरनगरच्या तलावातच उतरत होतं. ज्या पाण्याला परत जीव द्यायचा, त्याच पाण्यात आपण साबण आणि मैला सोडू लागलो.

घेणं चालू, देणं बंद

नळाचं पाणी पुरेना तेव्हा बोअर आले. एका प्लॉटवर एक घर होतं तिथे पाच मजले झाले, वीस कुटुंबं झाली आणि सगळ्यांचा बोअर एकच. आधी पाणी दोनशे फुटांवर लागे, मग चारशेवर, मग त्याच्याही खाली. मार्च-एप्रिलमध्ये टँकर सुरू. बोअरमध्ये जिवाणी सोडणार कशी? तो आडासारखा उघडा नसतो. त्यात फक्त घेण्याची सोय असते.

घेतच राहिलं की काय होतं, ते आपल्या माहेरच्यांनी पाहिलंय. १२ एप्रिल २०१६ ला मिरजेहून निघालेली पाण्याची रेल्वे लातूरला पोहोचली, दहा वाघिणी, पाच लाख लिटर पाणी. तीनशे किलोमीटरहून जास्त अंतर कापून पिण्याचं पाणी रेल्वेनं आणावं लागलं. त्या दिवसांत दिलसुखनगरच्या किती घरांतून लातूरला फोन गेले असतील, आणि किती म्हातारी माणसं दोन महिने इकडे राहायला आली असतील!

मग ऑक्टोबर २०२० आला. १३ आणि १४ तारखेला हैदराबादेत न भूतो असा पाऊस झाला. सरूरनगरचा तलाव भरून वाहिला, आजूबाजूच्या कॉलन्यांत पाणी शिरलं, तळमजल्यावरच्या घरांचं सगळं भिजलं. एप्रिलमध्ये टँकर विकत घेणारी तीच घरं ऑक्टोबरमध्ये पाण्यात उभी! पाण्याला जायची जागाच आपण ठेवली नव्हती. जमीन सिमेंटनं बंद, साखळीतले चेरुवू बुजलेले, ओढ्यांवर घरं.

या ठिकाणी मला जिवाणीचा अर्थ पुन्हा लावावासा वाटतो. शास्त्रार्थ सांगण्याचा माझा अधिकार नाही, तो विद्वानांचा. पण जिवाणीच्या मुळाशी जी गोष्ट आहे, जिथून घेतलं तिथे परत द्यायचं, ती आजच्या घरात करायची तर एकच मार्ग दिसतो. पावसाचं पाणी जमिनीत सोडायचं. इथले लोक त्या खड्ड्याला इंकुडू गुंता म्हणतात, आपण शोषखड्डा म्हणू. २००२ च्या पाणी, जमीन आणि वृक्ष कायद्यानंतर इथे नव्या इमारतींना तो सक्तीचा झाला. बहुतेक अपार्टमेंटांत तो नकाशावर आहे. प्रत्यक्षात त्यावर फरशी बसलीय किंवा स्कूटर उभी आहे.

हिशोब सोपा आहे. शंभर चौरस मीटरची गच्ची आणि एक सेंटीमीटर पाऊस म्हणजे एक हजार लिटर पाणी. हैदराबादला वर्षाला ऐंशी सेंटीमीटरच्या आसपास पाऊस पडतो, म्हणजे ऐंशी हजार लिटर. वाफ, गळती, पहिल्या पावसाचं धूळपाणी असं धरून पाव हिस्सा सोडून दिला तरी साठ हजार लिटर उरतं. इथे २०२१ पासून कुटुंबाला महिन्याला वीस हजार लिटर पाणी मोफत मिळतं. म्हणजे तीन महिन्यांचं पाणी आपल्याच डोक्यावरच्या गच्चीवर पडतं आणि रस्त्यावर वाहून जातं.

मोजणं

ते वीस हजार लिटर म्हणजे तरी किती? पाच माणसांच्या घरात माणशी दिवसाला १३३ लिटर. शहरी माणसाला १३५ लिटर हे सरकारी प्रमाण आहे. म्हणजे बेताचं पण पुरेसं. आजीच्या भाषेत नऊ घागरी. एका माणसाला नऊ घागरी! तिला सांगितलं असतं तर तिनं तोंडावर पदर घेतला असता.

भोगोपभोगपरिमाण हे आपलं व्रत आहे, म्हणजे वापरायच्या वस्तूंना मर्यादा घालणं. परिमाण म्हणजे माप. मोजल्याशिवाय मर्यादा येत नाही. म्हणून पहिली गोष्ट, घरात पाण्याचं मीटर असेल तर दर चतुर्दशीला त्याचा आकडा कॅलेंडरवर लिहा. गळका नळ असेल तर रात्री त्याखाली तांब्या ठेवा आणि सकाळी किती भरला ते घरातल्या सगळ्यांना दाखवा. बोलण्यापेक्षा तांब्या लवकर पटतो.

दुसरी गोष्ट पाणी शुद्ध करायच्या आरओ यंत्राची. साध्या घरगुती यंत्रातून एक लिटर पाणी मिळतं तेव्हा दोन-तीन लिटर नळीनं मोरीत जातं. पाण्यात क्षार जास्त असतील तरच हे यंत्र लागतं. लिटरला पाचशे मिलिग्रॅमपेक्षा क्षार कमी असतील तिथे आरओची गरज नाही, असं राष्ट्रीय हरित लवादानं २०१९ साली म्हटलं. बोअरच्या पाण्याला ते लागेल, नळाच्या पाण्याला लागेलच असं नाही. क्षार मोजायचं पेनासारखं यंत्र स्वस्त मिळतं, कॉलनीत एक घेतलं तरी पुरे. आणि आरओ ठेवायचाच असेल तर त्याची नळी बादलीत सोडा, फरशी पुसायला, संडासात टाकायला ते पाणी चालतं. आपण जैनांनी तर नळाचं पाणी गाळून उकळून प्यावं, हे पिढ्यान्‌पिढ्यांचं वळणच आहे.

तिसरी गोष्ट, डाळ-तांदूळ आणि भाजी धुतलेलं पाणी. ते पातेल्यात धरलं तर कुंड्यांना वेगळं पाणी लागत नाही. यात नवीन काही नाही. फक्त सिंकखाली पातेलं ठेवायची सवय लागते.

आणि चौथी गोष्ट, ही कामं एकट्या बाईच्या गळ्यात टाकू नका. आडावरचं सगळं काम बायकांनी केलं आणि पुण्य घराण्याच्या नावावर जमा झालं. शोषखड्डा साफ करणं, गच्चीचे पाइप बघणं, सोसायटीच्या मीटिंगमध्ये खड्ड्यावरची स्कूटर हलवा म्हणून सांगणं, ही घरातल्या पुरुषांचीही जिवाणी आहे. मीटिंगमध्ये आधी हसतील. हसू द्यात. एप्रिलचं टँकरचं बिल पुढे ठेवलं की हसू थांबतं.

आपला चातुर्मास पावसाळ्यातच येतो, कारण त्या दिवसांत जमिनीवर जीव फार. म्हणून मुनी एका जागी थांबतात आणि आपण पालेभाज्या सोडतो, नेम घेतो. याच चार महिन्यांत वर्षाचं बहुतेक पाणी आकाशातून येतं. आषाढात चातुर्मास बसण्याआधी गच्ची झाडून घ्यावी, पाइपच्या तोंडाला जाळी बसवावी, खड्ड्यातला गाळ काढून खडी धुवून परत भरावी. भाद्रपदात दशलक्षण पर्वात संयमाचा दिवस येतो तोवर खड्ड्यानं बरंच पाणी पोटात घेतलेलं असेल. नळाचं गाळणं तर रोज बदलतोच आपण. वर्षातून एकदा एवढंही करू.